पाँडिचेरीचा ‘फरासीस’ (फ्रेंच) पूर्वज कागदावर कसा गाठायचा?

केतकी_प
एका परिचित कुटुंबासाठी माहिती हवी आहे. पुदुच्चेरीतलं तमिळ ख्रिस्ती घर, आडनाव मात्र अस्सल फ्रेंच. घरात सांगत आलेत की मूळ पुरुष फ्रेंच फौजेतला अधिकारी, १७८०मध्ये पाँडिचेरीत नेमणुकीवर आला आणि इथलाच झाला. हाताशी कागद दोनच: आजोबांचा १९०८चा चर्चमधला बाप्तिस्म्याचा दाखला आणि त्यांच्या १९३१च्या लग्नाच्या नोंदीचा उतारा. दोन्ही फ्रेंचमध्ये. एक चुलत शाखा हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ या फ्रेंच बेटावर गेली असंही म्हणतात.

मूळ वह्या भारतात आहेत की फ्रान्समध्ये? फ्रेंच न येणाऱ्याला त्या वाचता येतील का? आणि शोध १७८०पासून खाली आणायचा की १९०८पासून वर न्यायचा? इथे कुलवृत्तांतवाले, कोतवाल बुकं उपसलेले आणि मोडी वाचणारे बरेच आहेत, म्हणून इथेच विचारते.

दप्तरी
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण घसरतात ते तिथेच. १९०८पासून वर. जात पडताळणीला जसं वडील, आजोबा, पणजोबा असं एकेक कागद लावत चढतात आणि मधली कडी निसटली की फाईल परत येते, अगदी तसंच. १७८०च्या सुमारास त्या आडनावाचा शिपाई पाँडिचेरीत सापडेलही. तो यांचा कोण, हे मधली सव्वाशे वर्षं जोडल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही.

पहिलं काम: १९३१चा उतारा बाजूला ठेवा आणि पूर्ण नक्कल मागवा. फ्रेंच पद्धतीत ‘एक्स्ट्रे’ म्हणजे गोषवारा आणि ‘कोपी अँतेग्राल’ म्हणजे शब्दशः नक्कल. लग्नाच्या पूर्ण नोंदीत वर-वधूंचा जन्म कुठे नि केव्हा, दोघांच्या आईवडलांची नावं, त्यांचा धंदा, ते हयात आहेत की नाहीत, साक्षीदारांची वयं, असं सगळं असतं. गोषवाऱ्यात यातलं निम्मं गळतं.

दुसरं काम: १९०८चा बाप्तिस्मा ही चर्चची नोंद झाली. त्याच जन्माची सरकारी नोंद वेगळी असते, तीही काढा. काढली की समास बघायला विसरू नका. फ्रान्समध्ये १८९७च्या कायद्यानंतर लग्नाची टीप जन्मनोंदीच्या समासात लिहायला लागले. वसाहतीतल्या कारकुनाने ती लिहिलीच असेल असं नाही, पण लिहिली असेल तर एक अख्खी पायरी वाचते.

सागरवेळ
वह्या कुठे, याबद्दल. दोन्हीकडे आहेत, पण घरबसल्या दिसतात त्या फ्रान्समधल्या.

वाळवी, दमट हवा, वादळं आणि इंग्रजांच्या तोफा यांच्यापुढे वसाहतींतला कागद टिकत नाही हे व्हर्सायच्या फ्रेंच दरबाराला कळून चुकलं होतं. जून १७७६मध्ये सोळाव्या लुईने हुकूम काढला की बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींची आणि नोटरींच्या दस्तांची जादा प्रत फ्रान्सला पाठवत जायची. आधीच्या वर्षांच्याही नकला करून मागवल्या. आज वसाहतींची वंशावळ शोधता येते ती मुख्यतः या एका हुकमामुळे. हा साठा आता दक्षिण फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हांसच्या राष्ट्रीय सागरपार अभिलेखागारात आहे. वह्यांच्या प्रतिमा संकेतस्थळावर फुकट बघता येतात, नावनोंदणीचीही भानगड नाही.

पद्धत अशी: प्रदेश म्हणून ‘एँद’ (हिंदुस्थान) निवडा, मग गाव (पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम, चंद्रनगर), मग वर्ष. या वह्यांत नाव टाकून शोधायची आशा सोडा, पानं उलटायची तयारी ठेवा. मात्र पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. थेट शेवटच्या चार-पाच प्रतिमा उघडा. बहुतेक वह्यांच्या शेवटी त्या वर्षाची वर्णानुक्रमे सूची असते. ती कधी आडनावावर लावलेली असते आणि कधी, डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे, पाळण्यातल्या नावावर. जिथे दशवार्षिक सूची शिल्लक आहे तिथे आधी ती घ्या, दहा वर्षं एका बैठकीत चाळून होतात.

शंभर वर्षांच्या आतल्या नोंदींसाठी नाँत शहरातलं परराष्ट्र खात्याचं मध्यवर्ती नोंदणी कार्यालय. तुमचं १९३१ तिथे. नक्कल मोफत मिळते, अर्ज ऑनलाइन होतो. जन्म आणि लग्नाच्या नोंदी ७५ वर्षांनी सर्वांना खुल्या होतात, मृत्यूच्या लगेच. म्हणजे १९३१ला नातं सिद्ध करायची गरज नाही. १९०८ शंभर वर्षांपलीकडचं, तरी दोन्हीकडे बघा. शिवाय पुदुच्चेरीत नगरपालिकेचा नोंदणी विभाग आहे, आणि भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं एक केंद्रही त्याच शहरात आहे.

उंटावरचा_शहाणा
एक निरीक्षण. ज्यांच्या घरी युरोपियन पूर्वज असतो तो कायम अधिकारी असतो. आचारी, सुतार, ढोलकीवाला कुणाचाच नसतो. फ्रेंच जहाजं नुसते अधिकारी भरून येत होती की काय?

दप्तरी
@उंटावरचा_शहाणा, आपल्याकडे नाही का प्रत्येक घराण्याचा मूळ पुरुष पानिपतावर सरदारच होता. वहीत पदवी स्पष्ट लिहिलेली असते, ‘सोल्दा’ म्हणजे साधा शिपाई, ‘कापोराल’, ‘सेर्जां’. ‘ऑफिसिए’ लिहिलेलं दिसेपर्यंत अधिकारी म्हणू नये.

मोडीमोड
फ्रेंच न येता जमेल का? जमेल. एका नोंदीत साधारण चाळीस शब्द तेच ते असतात. मोडी शिकताना ‘राजमान्य राजश्री’ कुठे संपतं आणि मजकूर कुठे सुरू होतो हे कळलं की निम्मी लढाई जिंकतो, तसंच हे. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या ठरीव चौकटी पाठ करा आणि फक्त रिकाम्या जागा वाचा.

ज्या शब्दांनी अर्थ उलटापालटा होतो ते आधी. नावापुढे ‘फ’ (एफ-ई-यू) आला तर तो माणूस नोंदीच्या वेळी मेलेला आहे. ते नाव नव्हे. ‘फिस नात्युरेल’ म्हणजे विवाहबाह्य मुलगा. ‘ओंद्वाये’ म्हणजे मूल जगेल की नाही या भीतीने घरीच घाईत पाणी शिंपडून केलेला बाप्तिस्मा, चर्चमधला विधी नंतर कधीतरी, त्यामुळे जन्म नि बाप्तिस्मा यांत महिनेही जाऊ शकतात. ‘पारँ’ आणि ‘मारेन’ हे धर्मपिता आणि धर्ममाता. यांची नावं टाळून पुढे जाणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण ते बहुधा काका-मावशी किंवा आजी-आजोबा असतात.

महिन्यांचा सापळा वेगळाच. जुन्या अक्षरात ‘७ब्र’ असं दिसलं की लोक जुलै लिहून मोकळे होतात. तो सप्टेंबर. लॅटिनमध्ये ‘सेप्तेम’ म्हणजे सात, त्यावरून. ‘८ब्र’ ऑक्टोबर, ‘९ब्र’ नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा एक्स घालून लिहिलेला डिसेंबर. सप्त-अष्ट-नव आपल्याला शिकवावं लागू नये.

चिंचोका
आणि क्रांतीचं कॅलेंडर? ‘प्लुव्हिओझ’ वगैरे वाचून पहिल्यांदा कुठल्यातरी साधूचं नाव वाटतं.

मोडीमोड
हो, ते राहिलं. २२ सप्टेंबर १७९२ हा त्या गणनेचा पहिला दिवस. ती प्रत्यक्ष वापरात आली १७९३च्या शेवटाकडे आणि १ जानेवारी १८०६ला संपली. महिने बारा, प्रत्येकी ३० दिवस, वर्षाअखेर पाच किंवा सहा दिवस जादा. ताळा बघायला दोन तारखा पाठ ठेवा: १६ प्लुव्हिओझ, वर्ष दुसरं म्हणजे ४ फेब्रुवारी १७९४, १८ ब्रुमेर, वर्ष आठवं म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. ऑनलाइन रूपांतरक या दोन्ही बरोबर देत असेल तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवा. पाँडिचेरी १७९३मध्ये इंग्रजांच्या हाती गेल्यामुळे तिथे याचा त्रास कमी. तेव्हाच्या ईल द फ्रान्सच्या, म्हणजे आजच्या मॉरिशसच्या, वह्यांत मात्र ही गणना भरपूर भेटते.

तारखेचीच आणखी एक गोम. इंग्रज १७५२पर्यंत जुनी दिनदर्शिका वापरत, ती अठराव्या शतकात ११ दिवस मागे. १७४६मध्ये मद्रास फ्रेंचांच्या ताब्यात गेलं ती तारीख इंग्रजी कागदात १० सप्टेंबर आणि फ्रेंच कागदात २१ सप्टेंबर. घटना एकच. त्या काळातली एकाच माणसाची नोंद दोन्ही बाजूंच्या कागदांत मिळाली तर दोन माणसं समजू नका.

दर्यासारंग
फौजेतला माणूस असेल तर फ्रान्समधल्या लोरियाँ बंदराचं दप्तर बघा. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे हजेरीपट तिथे आहेत आणि फ्रेंच संरक्षण खात्याच्या ‘मेम्वार दे झॉम’ संकेतस्थळावर शोधता येतात. नाव, हुद्दा, मूळ गाव, पगार आणि प्रवासात काय झालं ते: मेला, पळाला, की पाँडिचेरीला उतरला. खलाशांबरोबर शिपाई आणि प्रवासीही त्यात येतात.

सागरवेळ
@दर्यासारंग, साठा उत्तम, पण यांच्या कामाचा नाही. कंपनीचा मक्ता १७६९मध्ये स्थगित झाला. १७८०चा शिपाई राजाच्या फौजेतला, त्याचं नाव कंपनीच्या हजेरीपटात का असेल? त्यासाठी एक्सच्या, म्हणजे वर सांगितलेल्या एक्स-आं-प्रोव्हांसच्या अभिलेखागारातली वसाहती फौजांची ‘डी२सी’ मालिका आणि वसाहती नोकरांच्या व्यक्तिगत फायलींची ‘ई’ मालिका. ‘ई’ मालिका ऑनलाइन आहे आणि नावावर लावलेली आहे.

पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. १७८०मध्ये पाँडिचेरीत फ्रेंच फौज होतीच कुठे? ऑक्टोबर १७७८मध्ये इंग्रजांनी शहर घेतलं. १७८३च्या तहाने ते परत द्यायचं ठरलं आणि प्रत्यक्ष ताबा मिळाला १७८५मध्ये. मधल्या काळात फ्रेंच नौसेनानी सुफ्रेनचं आरमार किनाऱ्याजवळ लढत होतं आणि १७८३मध्ये फ्रेंच सेनापती बुसी कडलूरला होता. म्हणजे ‘१७८०ला पाँडिचेरीत नेमणुकीवर आलेला अधिकारी’ ही कथा जशी सांगतात तशी बसत नाही. एकतर साल चुकलं, नाहीतर गाव, नाहीतर माणूस.

केतकी_प
अरे बापरे. साल घरच्यांनी फार ठामपणे सांगितलंय. आडनावाचा फ्रेंचपणा तरी वादातीत आहे ना?

शिंदेशाही
बुसीचं नाव निघालं म्हणून. आपल्या कागदांत तो ‘मुसा बुसी’. मुसा म्हणजे फ्रेंच ‘मस्य’, आपलं श्रीयुत. फ्रेंच म्हणजे फरासीस, डच वलंदेज, आणि फिरंगी म्हटलं की बहुधा पोर्तुगीज. शिंद्यांच्या कवायती कंपूंत द बॉइन, त्याच्यानंतर १७९६पासून पेराँ, होळकरांकडे दुद्रनेक. शिंद्यांच्या किंवा होळकरांच्या नोकरीतला फ्रेंच पूर्वज शोधणाऱ्याने पाँडिचेरीच्या वहीत वेळ घालवू नये. यातले बरेच लोक फ्रेंच नोकरी सोडूनच देशी दरबारांत आलेले.

मोडीमोड
छोटी दुरुस्ती: द बॉइन फ्रेंच नव्हे, सव्हॉयचा. जन्म शाँबेरीचा, तेव्हा ते सार्डिनियाच्या राज्यात होतं. म्हातारपणी तिथेच परतला आणि १८३०मध्ये वारला. पेराँ मात्र खरा फ्रेंच, शातो-द्यु-ल्वारचा.

शिंदेशाही
मान्य. पण मुद्दा तोच. अशा घराण्यांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या चर्चनोंदींच्या मालिका आहेत: ‘एन/१’ बंगाल, ‘एन/२’ मद्रास, ‘एन/३’ मुंबई. १८०३च्या इंग्रज-मराठा युद्धानंतर या लोकांची पोरंबाळं इंग्रजी मुलखातच राहिली, मुलींची लग्नं इंग्रज सार्जंटांशी लागली आणि नोंदी इकडे शिरल्या. अडचण एवढीच की या मालिकांत भर अँग्लिकन नोंदींचा, आणि फ्रेंच माणूस कॅथलिक.

पेरूची_फोड
धागा पाँडिचेरीहून ग्वाल्हेरला पोचला. रात्रीपर्यंत पानिपत येणार!

गारंबीचा_गारदी
आलंच समजा. इब्राहिमखान गारदी बुसीच्याच तालमीतला, आणि ‘गारदी’ हा शब्दही फ्रेंच ‘गार्द’वरून आल्याचं मानतात. आता बोला.

दप्तरी
परत मुद्द्यावर. @केतकी_प, ‘आडनाव फ्रेंच’ हे वादातीत आहे, ‘म्हणून पूर्वज फ्रेंच’ हे अजिबात नाही. २१ सप्टेंबर १८८१च्या हुकमाने फ्रेंच हिंदुस्थानातल्या देशी माणसाला आपला जातिधर्माचा वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारायची मुभा मिळाली. असं करणाऱ्याला ‘रनोंसाँ’ म्हणत, म्हणजे त्याग करणारा. अट अशी की तो आणि त्याचे वंशज यापुढे कोणतं कुलनाम लावणार हे जाहीर करायचं. तमिळ पद्धतीत आडनाव नव्हतंच, स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच. मग कुणी बापाचंच नाव कुलनाम केलं, कुणी संताचं घेतलं, कुणी सरळ फ्रेंच शब्द उचलला. या चळवळीचा पुढारी पोन्नुतांबी पिळ्ळै, त्याने ‘लापोर्त’ घेतलं. लापोर्त म्हणजे दरवाजा. त्याच्या वंशजांनी ब्रिटनीत दरवाजा शोधत हिंडून काय मिळणार?

रनोंसाँ झालेल्यांत ख्रिस्ती आणि दलित समाजातले लोक पुष्कळ होते. तमिळ ख्रिस्ती घर आणि फ्रेंच आडनाव असं दोन्ही दिसलं की पहिली शंका हीच घ्यायची. नोटरी किंवा नोंदणी अधिकाऱ्यापुढे केलेलं जाहीरनामापत्र आणि वसाहतीच्या राजपत्रातली यादी, दोन्हींत जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी मिळतं. राजपत्राचे बरेच अंक फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका संकेतस्थळावर आहेत. शोध १८८१ ते १८९०च्या अंकांत आधी घ्या.

कावेरीकाठ
थोडं थांबा. प्रत्येक फ्रेंच आडनावावर ‘रनोंसाँ’चा शिक्का मारणं हीदेखील घाईच. पाँडिचेरीत मिश्र वंशाची, क्रेओल घरं खरीच होती आणि आहेत. पाँडिचेरीचा गव्हर्नर द्युप्ले (डुप्ले), त्याची बायको झान हेच उदाहरण. पाँडिचेरीत १७०६ला जन्म, बाप आल्बेर हा कंपनीचा फ्रेंच शल्यवैद्य, आई द कास्त्रो, तिच्याकडून पोर्तुगीज आणि हिंदुस्थानी रक्त. ही सारी नाती चर्चच्या वह्यांतून लागतात. पाँडिचेरीच्या वह्या १६७६पासून आहेत आणि जुन्या वर्षांचे छापील गोषवारेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाले.

फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे वहीच. एकोणिसाव्या शतकात युरोपीय आणि ‘एँदिएन’, म्हणजे देशी, यांच्या वह्या वेगळ्या. १८८१च्या आधीची नोंद युरोपीय वहीत सापडली तर क्रेओल शाखा. देशी वहीत सापडली आणि आडनाव नसेल, तर दप्तरी म्हणतात तसं. ‘तोपास’ शब्द दिसला तर तिसराच प्रकार: टोपीवाले, म्हणजे युरोपीय पेहराव करणारे ख्रिस्ती, त्यांच्यात बरेचदा पोर्तुगीज अंश.

दप्तरी
@कावेरीकाठ, मान्य. शंका आधी घ्यायची म्हटलं, निकाल नाही दिला.

चिंचोका
एवढे उपद्व्याप कशाला? डीएनए चाचणी करा, थुंकी पाठवा, महिन्यात उत्तर.

सागरवेळ
कसलं उत्तर? १७८०चा एकटा पूर्वज आजच्या पिढीपासून सात-आठ पायऱ्या वर. सात पायऱ्यांवर त्याचा सरासरी वाटा १२८ भागांतला एक, म्हणजे पाऊण टक्का. आठव्यावर त्याच्या निम्मा. एवढा अंश चाचणीच्या गोंगाटात विरून जातो, किंवा वारशात आलेलाच नसतो. दिसलाच तर तो ‘युरोपीय’ म्हणून दिसेल, आणि तोपास घरात तो पोर्तुगीजही असू शकतो. त्यात फ्रान्समध्ये राहणाऱ्या नातेवाइकाला अशी हौशी चाचणी कायद्याने करता येत नाही, दंड ३,७५० युरोपर्यंत. वही उलटणं फुकट आहे.

अक्षरगणवृत्त
नावांच्या स्पेलिंगबद्दल कुणी बोललं नाही. तमिळ नाव इंग्रजी स्पेलिंगने शोधाल तर जन्मभर सापडणार नाही. फ्रेंच कारकून कानाला ऐकू येईल ते फ्रेंच पद्धतीने लिहितो. ‘उ’साठी ओ-यू, म्हणून मुत्तू हा एम-ओ-यू-टी-टी-ओ-यू. ‘च’साठी टी-सी-एच, ‘ज’साठी डी-जे. दोन स्वरांमध्ये ‘स’ हवा तर एस दोनदा, नाहीतर त्याचा ‘झ’ होतो. म्हणून रामसामीत दोन एस. सुब्बरायनचा सुप्रायेन होतो. कागदावर नाव आधी देवनागरीत लिहा, मोठ्याने म्हणा, आणि मग फ्रेंच अक्षरांत तीन-चार तऱ्हांनी उतरवा. सूची चाळताना त्या सगळ्या समोर ठेवा.

उलट बाजूला, फ्रेंच नावाआधी ‘द’ लागला म्हणजे उमराव असं नाही. अनेकदा तो फक्त गावाचा. आपल्याकडच्या ‘कर’सारखा. आणि शिपायांना फौजेत टोपणनाव असे, ‘ला फ्लर’ म्हणजे फूल, ‘सां-सूसी’ म्हणजे बिनघोर. नोंदीत खऱ्या नावानंतर ‘दी’ लिहून ते येतं. पुढच्या पिढीत खरं नाव गळून टोपणनावच आडनाव झालेलंही दिसतं, कॅनडातल्या फ्रेंच घराण्यांत तर सर्रास.

नावेतला_नाईक
मॉरिशसच्या मराठी मंडळींसाठीही हीच वाट का? तिथेही फ्रेंच राज्य होतं ना?

सागरवेळ
नाही, आणि हा गोंधळ कायम होतो. फ्रेंच राज्य १७१५ ते १८१०. डिसेंबर १८१०मध्ये बेट इंग्रजांनी घेतलं, कायदा नि भाषा फ्रेंच राहिली इतकंच. गिरमिटिया मजूर १८३४पासून पुढे आले, मुंबई इलाख्यातून, रत्नागिरीकडून गेलेले मराठी लोक त्यांतलेच. त्यांच्या नोंदी मॉरिशसमधल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या स्थलांतर दप्तरात. गुरुकिल्ली म्हणजे स्थलांतरिताचा क्रमांक. मुलाच्या जन्मनोंदीत किंवा लग्नाच्या कागदात बापाच्या नावापुढे तो अंक मिळाला की जहाज, साल, गाव, जात, वय एकदम हाती येतं. एक्समध्ये यांचं काहीही नाही.

फ्रेंच काळात हिंदुस्थानी माणसं त्या बेटांवर गेली त्यांत कारागीर होते तसे गुलामही होते. गुलामाच्या बाप्तिस्म्यात एकेरी नाव आणि मालकाचं नाव एवढंच. तिथे शोध मालकाच्या बाजूने करावा लागतो: मालक मेल्यावर नोटरीने केलेली मालमत्तेची यादी, तिच्यात भांडी, गुरं आणि माणसं एकाखाली एक, वय आणि किमतीसकट. वाचायला जड जातं.

कावेरीकाठ
रेयुनियाँच्या शाखेबद्दल. तिथे गुलामगिरी २० डिसेंबर १८४८ला संपली, सुमारे ६२,००० माणसं मुक्त झाली आणि त्यांना आडनावं देणाऱ्या खास वह्या आहेत. पण यांची शाखा नंतर गेली असावी. करारी मजूर १८६०च्या इंग्रज-फ्रेंच करारानंतर ब्रिटिश मुलखातूनही जाऊ लागले, १८८२मध्ये इंग्रजांनी ते थांबवलं. तिथे ‘मलबार’ म्हणजे मलबार किनाऱ्याचा माणूस नव्हे, बहुतेक तमिळ. गुजराती मुसलमान ते ‘झाराब’. शब्दावर जाऊन केरळात शोधू नका.

आणखी एक. रनोंसाँ कुटुंबांतले शिकलेले लोक मजूर म्हणून नव्हे, कारकून, पोलीस, शिपाई म्हणून फ्रेंच इंडोचायनात फार गेले. ‘बेटावर गेले’ हे घरच्या आठवणीत सायगॉनचंही होऊ शकतं. तिथल्याही वह्या एक्सच्याच संकेतस्थळावर.

दर्यासारंग
गावांच्या नावांनी फसू नका हे जोडतो. माहे दोन, एक केरळला लागून, दुसरं सेशेल्समध्ये. सां-दनी रेयुनियाँची राजधानी आणि पॅरिसचं उपनगरही. पोर-लुई मॉरिशसला, ग्वादलूपला आणि लोरियाँच्या समोर ब्रिटनीतही. रेयुनियाँच्या नावाचा तर तमाशाच: बुरबों, १७९३ला रेयुनियाँ, १८०६ला बोनापार्त, मग परत बुरबों, १८४८पासून पुन्हा रेयुनियाँ. सरकार बदललं की पाटी बदलायची खोड आपल्यालाच नाही.

हिशेबनीस
यातून फ्रेंच पासपोर्ट मिळतो का? खरं सांगा, निम्मे लोक तेवढ्यासाठीच वाचतायत.

दप्तरी
वंशावळ आणि नागरिकत्व यांची गाठ तुम्हाला वाटते तशी नाही. हस्तांतराचा करार १६ ऑगस्ट १९६२ला अमलात आला. तिथे जन्मलेले आणि त्या दिवशी तिथेच राहणारे लोक भारतीय झाले, सहा महिन्यांत लेखी अर्ज करून फ्रेंच राहायचं निवडलं असेल ते सोडून. म्हणजे प्रश्न १७८०च्या पूर्वजाचा नाहीच, १९६२च्या आजोबांनी काय केलं याचा आहे. शिवाय घराणं पन्नास वर्षांहून जास्त फ्रान्सबाहेर राहिलं आणि फ्रेंच म्हणून वावरलंच नाही, तर वंशावरून हक्क सांगायची वाट फ्रेंच नागरी संहिता बंद करते.

हिशेबनीस
बरं. मग पेरूच्या फोडी खातो.

केतकी_प
नाँतहून १९३१ची पूर्ण नक्कल आली, आणि एक्सच्या संकेतस्थळावर मागे जात दोन नोंदी सापडल्या. सगळं एकत्र लिहिते.

१९३१च्या नक्कलेत वराच्या बापाचं नाव आणि जन्मगाव. त्यावरून बापाचं १८९९चं लग्न मिळालं, सूची पाळण्यातल्या नावावर लावलेली होती. त्यात वराचा जन्म १८७६. ती जन्मनोंद देशी वहीत आहे आणि तिच्यात आडनाव नाही, मुलाचं नाव आणि बापाचं तमिळ नाव इतकंच. राजपत्राच्या १८८२च्या यादीत तेच तमिळ नाव आहे आणि समोर आजचं फ्रेंच आडनाव. दप्तरींची शंका खरी निघाली. घरी अजून सांगितलेलं नाही.

पण १८९९च्या लग्नात वधूची आई वेगळ्याच, पोर्तुगीज वाटणाऱ्या आडनावाची आहे, नावापुढे ‘फ’ चं स्त्रीरूप, म्हणजे तेव्हा हयात नसलेली. तिचा जन्म पाँडिचेरी, बाकी काही नाही. आता?

कावेरीकाठ
आता खरी गंमत. फ्रेंच कागदात बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावाने राहते, त्यामुळे ते आडनाव तिचं स्वतःचं, नवऱ्याचं नाही. बायकांची बाजू शोधायला यांच्या वह्या आपल्या कुलवृत्तांतांपेक्षा शंभर पटींनी बऱ्या. आपल्याकडे ‘कन्या ३’ लिहून विषय संपतो.

१८९९मध्ये मुलगी अंदाजे वीस धरली तर आईचं लग्न १८६५ ते १८७९ या पट्ट्यात. दोन्ही वह्या बघा, आधी युरोपीय. मृत्युनोंदीही काढा, पण तिच्यातल्या आईवडलांच्या नावांवर पूर्ण भरवसा नको, सांगणारा बरेचदा शेजारी असतो. लग्नाची नोंद मिळाली की साक्षीदार आणि पुढे मुलांचे धर्मपिता-धर्ममाता, सगळ्यांची आडनावं एका कागदावर मांडा. तीच तीन-चार आडनावं फिरून फिरून येत असतील तर ती क्रेओल किंवा तोपास घरांची सोयरीक आहे, आणि मग १७८०च्या दिशेने जायची वाट या बाईच्या माहेरून जाते.

सागरवेळ
आणि लग्नाच्या आधीच्या काही आठवड्यांचे नोटरीचे दस्त बघा. लग्नाचा करार विधीच्या आधी होतो, त्यात दोन्हीकडची वडीलधारी माणसं सह्या करतात. मागे जाताना १७६१ ध्यानात ठेवा. त्या जानेवारीत इंग्रजांनी पाँडिचेरी घेऊन शहर पाडलं, लोक जवळच्या डॅनिश वसाहतीत, ट्रांकेबारला पळाले. फ्रेंच मुत्सद्दी तालेराँची पुढे बायको झालेली कातरीन व्होर्ले फ्रेंच अधिकाऱ्याची मुलगी, पण जन्म १७६२चा, ट्रांकेबारचा. त्या दोन-चार वर्षांतलं मूल पाँडिचेरीच्या वहीत नसेल तर डॅनिश वसाहतीच्या नोंदी बघायच्या.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे अधिकारी अजून जिवंत आहे म्हणायचा.

दप्तरी
सोल्दा म्हणा. @केतकी_प, १८७०ची युरोपीय वही उघडली की शेवटच्या प्रतिमांचा क्रमांक इथे टाका, सूची आडनावावर आहे की पाळण्यातल्या नावावर ते आधी बघू.